सेप्सिसचे उपचार वेळेत होतात का? केसपेपरवरून मोजणी कशी करावी

सेप्सिसमध्ये संसर्गाला शरीर इतका बेताल प्रतिसाद देते की स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात. अशा रुग्णासाठी सुरुवातीला काय करायचे हे ठरलेले आहे. लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) तपासायचे, अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यायचे, मग अँटिबायोटिक द्यायचे. बीपी घसरले असेल किंवा लॅक्टेट ४ किंवा त्याहून जास्त असेल तर वजनाच्या किलोमागे ३० मिलि सलाईन द्यायचे, आणि तरीही बीपी उचलत नसेल तर ते वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन लावायचे. 'सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन' या सेप्सिसवरच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेने २०१८ मध्ये या पाच पायऱ्या पहिल्या तासाचा संच म्हणून मांडल्या. बहुतेक आयसीयूंमध्ये त्या सगळ्यांना तोंडपाठ असतात.

पाळल्या किती जातात, हे मोजल्याशिवाय कळत नाही. जुलै २००९ मध्ये भारतासह १६ आशियाई देशांतल्या १५० आयसीयूंनी मिळून १,२८५ रुग्णांची नोंद ठेवली. त्या वेळी रूढ असलेल्या पहिल्या सहा तासांच्या संचातली प्रत्येक पायरी पूर्ण झालेले रुग्ण निघाले ७.६ टक्के. त्या पाहणीतले ४४.५ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले.

ही मोजणी तुमच्या रुग्णालयात कशी करायची ते पुढे दिले आहे. क्वालिटी विभाग, आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टर यांनी मिळून करायचे हे काम आहे. महिन्याला २५-३० केसपेपर आणि दोन माणसे असली की ते चालते. सगळी मोजणी एका फरकावर उभी आहे: औषध कधी लिहिले आणि रुग्णाच्या शिरेत कधी गेले. केसपेपर वाचताना हा फरक सतत डोळ्यांसमोर ठेवा.

केसपेपर निवडताना

डिस्चार्ज कार्डवर 'सेप्सिस' लिहिलेले कागद तेवढे काढले तर मोजणी पहिल्याच पायरीला फसते. ज्या डॉक्टरने सेप्सिस वेळेत ओळखला, तोच तो शब्द लिहितो. ओळखायचा राहिला तो रुग्ण 'न्यूमोनिया', 'यूटीआय विथ एकेआय' (लघवीचा संसर्ग आणि बिघडलेली किडनी) किंवा 'मल्टिऑर्गन फेल्युअर' या नावाने फायलीत पडून असतो, आणि उपचाराला उशीर बहुधा त्याच्याच बाबतीत झालेला असतो.

म्हणून तीन रजिस्टरांवरून यादी करा: मायक्रोबायोलॉजीचे ब्लड कल्चरचे रजिस्टर, आयसीयूचे अ‍ॅडमिशन रजिस्टर, आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन, पिपटॅझ, मेरोपेनेम ही औषधे (शेवटची दोन अँटिबायोटिके) कोणाच्या नावावर दिली याची फार्मसीची नोंद. तिन्ही मिळून जी नावे येतील त्यांतून दोन अटी पाळणारे रुग्ण ठेवा. पहिली अट संसर्गाच्या संशयाची: कल्चर पाठवले असावे आणि नवीन अँटिबायोटिक किमान चार दिवस चालले असावे, किंवा त्याआधीच मृत्यू झालेला असावा. कल्चर मुळीच न पाठवलेला, पण फार्मसीच्या नोंदीत सापडलेला रुग्ण या अटीवर गळेल. त्याला वगळू नका. केसपेपरवर संसर्गाचा संशय स्पष्ट असेल तर त्याला आत घ्या, कारण कल्चर न घेणे ही मोजायचीच चूक आहे.

दुसरी अट अवयवाच्या बिघाडाची. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याने ऑक्टोबर २०१५ पासून सेप-१ हे मोजमाप लागू केले, त्यातल्या मर्यादा वापरायला सोप्या आहेत: वरचे बीपी ९० च्या खाली किंवा मीन (सरासरी) बीपी ६५ च्या खाली, लॅक्टेट २ च्या वर, क्रिएटिनिन २ च्या वर, बिलिरुबिन २ च्या वर, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) दीडच्या वर, किंवा श्वासासाठी नव्याने लागलेले यंत्र. यांतले एक पुरे. डायलिसिसवरच्या रुग्णाचे क्रिएटिनिन आणि सिरॉसिसच्या रुग्णाचे बिलिरुबिन आधीपासूनच वाढलेले असते, तेव्हा त्यांच्यासाठी दुसरा पुरावा शोधा.

मृत्यूच्या फायली एमआरडीत (रेकॉर्ड विभागात) बहुधा वेगळ्या कपाटात असतात, आणि डामा घेऊन (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेऊन) गेलेल्यांच्याही. त्या मुद्दाम मागून घ्या. त्या सुटल्या तर उरतात ते वाचलेलेच, आणि आकडे चांगले दिसू लागतात. डामा घेतलेला रुग्ण तीन तासांच्या आत निघून गेला असेल तर तेवढाच वगळा.

बाहेरच्या आकड्यांशी तुलना करतानाही ही चाळणी आधी पाहा. १२ वर्षांच्या रोरी स्टाँटनच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्ये सर्व रुग्णालयांना सेप्सिसचे नियम बंधनकारक केले. तिथल्या १४९ रुग्णालयांतल्या ४९,३३१ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. कल्चर, लॅक्टेट आणि अँटिबायोटिक या तीन गोष्टी ८२.५ टक्के रुग्णांमध्ये तीन तासांत झाल्या होत्या. मात्र त्या अभ्यासात घेतलेच होते ते, ज्यांच्या बाबतीत तिन्ही गोष्टी निदान १२ तासांत पूर्ण झाल्या. ज्यांचे कल्चर कधी गेलेच नाही ते छेदात नव्हते. तुमच्या छेदात ते असतील, तेव्हा ८२ टक्क्यांशी बरोबरी करायला जाऊ नका. त्या अभ्यासातला उपयोगाचा निष्कर्ष वेगळा आहे: संच पूर्ण व्हायला लागलेल्या प्रत्येक जादा तासागणिक मृत्यूची शक्यता, ऑड्सच्या हिशेबात, सुमारे ४ टक्क्यांनी वाढत गेली.

पावसाळ्यात आपल्याकडे आणखी एक वर्गवारी लागते. डेंग्यूच्या शॉकमध्ये सलाईन किती द्यायचे याचे कोष्टक वेगळे आहे. तिथे ३० मिलिचा नियम लावून डॉक्टरांना नापास करणे चुकीचे आणि धोक्याचे आहे. डेंग्यू आणि मलेरिया खात्रीने निघालेले रुग्ण वेगळ्या यादीत घाला. लेप्टो आणि स्क्रब टायफस मात्र जिवाणूंचेच आजार आहेत, ते मुख्य यादीत राहतील.

घड्याळ कुठून सुरू करायचे

याला 'शून्य वेळ' म्हणू. दोन ऑडिटर सर्वांत जास्त भांडतात ते हिच्यावर.

रुग्ण कॅज्युअल्टीत आला तेव्हाच लक्षणे असतील तर ट्रायजची (आल्याआल्या होणाऱ्या पहिल्या तपासणीची) वेळ ही शून्य वेळ. ट्रायजची नोंद नसेल तर केसपेपर काढल्याची छापील वेळ घ्या. वॉर्डात किंवा ऑपरेशननंतर बिघडलेल्या रुग्णासाठी कागदावर संसर्गाचा संशय आणि अवयवाचा बिघाड या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा एकत्र दिसतात ती वेळ. इथे सिस्टरांची टीपीआर शीट (ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता) डॉक्टरांच्या नोटच्या बरोबरीने वाचा. संसर्गाचा संशय आधीच लिहिलेल्या रुग्णाचे पहाटे चारला सिस्टरांनी बीपी ८४ लिहिले आणि डॉक्टरांची 'सेप्सिस' ही नोंद सकाळी साडेनऊच्या राउंडची असेल, तर घड्याळ चारलाच सुरू झालेले आहे. डॉक्टरांची वेळ धरली तर साडेपाच तासांचा उशीर कागदावरून पुसला जातो.

तालुक्याच्या ठिकाणाहून रेफर होऊन आलेल्यांची गणती वेगळी करा. त्यांना पहिले अँटिबायोटिक तिकडेच मिळालेले असू शकते, आणि रेफर चिठ्ठीवर वेळ क्वचितच असते. चिठ्ठीचा फोटो फायलीला जोडा आणि '१०८'च्या गाडीत चढवलेले सलाईनही हिशेबात धरा.

पहिले दहा केसपेपर दोघांनी एकमेकांना न दाखवता वाचावेत. शून्य वेळेत १५ मिनिटांहून जास्त फरक दोनापेक्षा अधिक केसपेपरांत आला तर व्याख्या अजून सैल आहे. ती लिहून घट्ट करा आणि मग पुढे जा.

घड्याळेही तपासा, अक्षरशः. कॅज्युअल्टीचे भिंतीवरचे घड्याळ, मॉनिटर, एबीजी मशीन (रक्तातले वायू आणि लॅक्टेट मोजणारे) आणि बिलिंगचा संगणक यांच्या वेळा एका दुपारी फिरून कागदावर उतरवा. एबीजी मशीनचे घड्याळ २० मिनिटे मागे असेल तर लॅक्टेट रुग्ण येण्याआधीच झाल्याचे निघते. आधी सगळी घड्याळे जुळवा, मोजणी त्यानंतर.

किती वेळ मान्य

'सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेन'च्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी अँटिबायोटिकसाठी दोन मुदती दिल्या. शॉक असेल किंवा सेप्सिसची शक्यता दाट असेल तर एक तास. शॉक नाही आणि सेप्सिस नक्की आहे की नाही हेच ठरलेले नाही, तर झटपट तपासणी करून, संशय टिकला तर तीन तासांच्या आत. सर्वांना एकच तास लावला तर साध्या व्हायरल तापालाही मेरोपेनेम टोचले जाऊ लागते. तेव्हा तक्त्यात शॉकचे आणि शॉक नसलेले असे दोन गट पहिल्यापासून ठेवा.

अँटिबायोटिक: लिहिले आणि लावले यांच्यामधली मिनिटे

नमुन्यादाखल एक रात्र घेऊ. ९:१० ला नोंदणी. ९:२५ ला सिस्टरांची नोंद: बीपी ८०/५०, नाडी १२४, श्वास २८. ९:५० ला आरएमओंची (ड्युटीवरच्या डॉक्टरांची) ऑर्डर: 'पिपटॅझ ४.५ ग्रॅम आयव्ही स्टॅट' (शिरेतून, लगेच). १०:०५ ला नातेवाईकांच्या हातात चिठ्ठी. १०:४० ला मेडिकलचे बिल. १०:५० ला टेस्ट डोस (अ‍ॅलर्जी पाहायला आधी टोचलेले थोडेसे औषध). ११:२० ला औषध सुरू.

ऑर्डरची वेळ धरली तर हा रुग्ण ४० मिनिटांत 'पास' होतो. औषध शिरेत जायला लागली १३० मिनिटे. त्यातली डॉक्टरांच्या निर्णयाची ४०, आणि उरलेली ९० मिनिटे चिठ्ठी, मेडिकलची रांग आणि टेस्ट डोस यांनी घेतली. डॉक्टरांना सेप्सिसवर आणखी एक व्याख्यान दिले तर या ९० मिनिटांतले एकही कमी होणार नाही. कॅज्युअल्टीच्या कपाटात पिपटॅझ ४.५ ग्रॅम, मेरोपेनेम १ ग्रॅम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि डॉक्सीसायक्लिनची इंजेक्शने ठेवली, पहिला डोस तिथून दिला आणि बदली औषध नंतर मागवले, तर ५० मिनिटे तिथेच वाचतात. कपाटाची मोजदाद दर शिफ्टला व्हायला हवी. रिकामे कपाट असले काय आणि नसले काय, सारखेच.

टेस्ट डोसबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. पूर्वी कधी अ‍ॅलर्जी आली का, हे नीट विचारून 'नाही' असे उत्तर आले, तर सरसकट त्वचेखाली टोचून अर्धा तास थांबण्याला आधार नाही. ती चाचणी रिअ‍ॅक्शनचा भरवशाचा अंदाज देत नाही. अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवून पहिल्या मिनिटांत रुग्णाजवळ थांबणे अधिक उपयोगाचे आहे. आपल्या रुग्णालयाचे धोरण औषध समितीकडून लेखी घ्या, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरांवर जबाबदारी ढकलली जाणार नाही.

म्हणून तक्त्यात अँटिबायोटिकसाठी चार रकाने ठेवा: ऑर्डर, औषध हातात, औषध सुरू, आणि औषधाचे नाव. सुरू केल्याचीच वेळ घ्या, संपल्याची नको. दोन औषधे एकाच व्हेनफ्लॉनमधून (शिरेतल्या नळीतून) जायची असतील तर कोणते आधी गेले तेही पाहा. मेरोपेनेम तीन ते पाच मिनिटांत हळू ढकलून देता येते. पिपटॅझची बाटली सहसा अर्ध्या तासाची असते. आधी पिपटॅझ लावले तर दुसरे औषध तेवढे रखडते.

नाव का लिहायचे, तर वेळेत दिलेले चुकीचे औषध या मोजणीत सहज पास होते. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. त्यावर पिपटॅझ किंवा मेरोपेनेम कितीही लवकर दिले तरी उपयोग नाही. ती औषधे पेशीच्या भिंतीवर मारा करतात, आणि स्क्रबचा जंतू रुग्णाच्याच पेशीत शिरून राहतो. तिथे डॉक्सीसायक्लिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिनच लागते. तसेच कोलिस्टिन या अँटिबायोटिकचे: ९० लाख युनिटचा लोडिंग डोस (पहिला मोठा डोस) किडनी बिघडली म्हणून कमी करायचा नसतो, पण तो कमी केलेला वारंवार दिसतो. 'योग्य औषध' हा रकाना मायक्रोबायोलॉजिस्टकडून भरून घ्या.

आता नोंदींच्या खरेपणाची एक चाचणी. सगळ्या 'औषध सुरू'च्या वेळा एका रांगेत लिहा आणि :०० किंवा :३० वर संपणाऱ्या मोजा. माणूस पाच मिनिटांच्या पटीत वेळ लिहितो असे धरले तरी बारापैकी दोन, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास अशा असाव्यात. निम्म्याहून जास्त निघाल्या तर नोंदी शिफ्ट संपताना एकदम भरल्या गेल्या आहेत, आणि त्या वेळांवर टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. आधी सिस्टरांना औषध लावतानाच वेळ लिहिता येईल अशी सोय करा. बेडला टांगलेली एक पट्टी आणि दोरीने बांधलेले पेन एवढ्याने फरक पडतो.

कल्चर, लॅक्टेट, सलाईन, बीपी

कल्चर अँटिबायोटिकच्या आधी का, याचा आकडा पाठ ठेवण्यासारखा आहे. उत्तर अमेरिकेतल्या सात आपत्कालीन विभागांत त्याच रुग्णांचे कल्चर अँटिबायोटिकच्या आधी आणि नंतर दोन तासांच्या आत असे दोनदा घेतले. आधीच्यांतले ३१.४ टक्के पॉझिटिव्ह आले, नंतरच्यांतले १९.४ टक्के. तपासताना तीन गोष्टी पाहा: बाटल्या किती, रक्त किती, वेळ कोणती. मोठ्या माणसात दोन वेगवेगळ्या जागांवरून दोन संच आणि दर बाटलीत ८ ते १० मिलि रक्त हवे. खर्च वाचवायला एकच बाटली आणि तिच्यात ३ मिलि रक्त, ही नेहमीची गफलत आहे. बाटली मायक्रोबायोलॉजीत पोहोचल्यावर मूळ खुणेपेक्षा पातळी किती चढली ते पाहून प्रमाण कळते. रक्त मिळत नसेल तर अँटिबायोटिक ४५ मिनिटांपलीकडे अडवून ठेवायचे नाही. असा रुग्ण कल्चरमध्ये नापास, अँटिबायोटिकमध्ये पास, आणि हे योग्यच आहे.

लॅक्टेट पहिल्यांदा २ च्या वर आले तर दोन ते चार तासांत पुन्हा तपासायचे असते. सर्वांत जास्त सुटते ती ही दुसरी तपासणी, कारण तोवर रुग्ण कॅज्युअल्टीतून आयसीयूत गेलेला असतो आणि दोघांनाही वाटते की दुसऱ्याने पाठवले असेल. एबीजी मशीन नसेल तर नमुना करड्या झाकणाच्या फ्लुओराइड ट्यूबमध्ये घ्या. साध्या ट्यूबमध्ये रक्तपेशी साखर खात राहतात आणि लॅक्टेट उगाच वाढलेले दिसते. जिथे लॅक्टेट होतच नाही तिथे बोटाचे टोक १० सेकंद दाबून सोडायचे आणि रंग परत यायला ३ सेकंदांहून जास्त लागतात का ते पाहायचे. त्याचीही नोंद मोजा.

सलाईनच्या हिशेबात वजनच सापडत नाही. ६० किलोच्या माणसाला ३० मिलिप्रमाणे १,८०० मिलि, म्हणजे ५०० च्या साडेतीन बाटल्यांहून थोडे जास्त, तीन तासांच्या आत. ताशी ६०० मिलि झाले. २० थेंबांना एक मिलि या सेटने मिनिटाला २०० थेंब पडायला हवेत. हे थेंब कोणी मोजू शकत नाही, म्हणून बाटली लावल्याची आणि संपल्याची वेळच घ्यावी लागते. केसपेपरवरचे 'आरएल (रिंगर लॅक्टेट) १ पिंट' हे लावलेले आहे, गेलेले नाही. आरएल, एनएस (साधे सलाईन) आणि तशीच संतुलित द्रावणे धरा. डीएनएस (साखर मिसळलेले सलाईन), ५ टक्के डेक्स्ट्रोज आणि संथ मेन्टेनन्स सोडून द्या. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास म्हणून डॉक्टरांनी कमी दिले आणि कारण लिहिले, तर 'कारणासह कमी' असा तिसरा गट करा. २०२१ मध्ये या ३० मिलिच्या शिफारशीचे बळ 'ठाम'वरून 'सौम्य'वर आले आहे. इथे आकड्याचा आग्रह धरून फुप्फुसात पाणी भरण्याची वेळ आणू नका.

नॉरअ‍ॅड्रेनालिनसाठी मीन बीपी ६५ ची रेषा आहे. मॉनिटर मीन दाखवत नसेल तर खालचे बीपी दुप्पट करा, त्यात वरचे मिळवा आणि तीनने भागा. वरच्या नमुन्यातल्या ८०/५० चे मीन ६० येते. मीन ६५ च्या खाली गेल्यापासून औषध सुरू होईपर्यंतची मिनिटे लिहा. इथला उशीर बहुधा सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घालायच्या नळीची) वाट पाहण्यात जातो. कोपराच्या खळगीतल्या किंवा त्याच्या वरच्या चांगल्या शिरेतून थोड्या वेळासाठी सुरुवात करायला मार्गदर्शक सूचनांची मान्यता आहे. फक्त शिरेभोवतीच्या सुजेवर लक्ष हवे.

आकडे मांडताना

ज्याला जी पायरी लागूच नव्हती त्याला त्या पायरीच्या छेदातून काढा. लॅक्टेट १.६ असलेल्याला दुसरे लॅक्टेट 'झाले नाही' म्हणून नापास करू नका.

दोन प्रकारची टक्केवारी द्या: प्रत्येक पायरीची वेगळी, आणि सगळ्या पायऱ्या मिळालेल्या रुग्णांची एकत्र. दुसरी नेहमी धक्कादायक वाटते. पाच पायऱ्या ९०-९० टक्के होत असतील आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नसेल, तर पाचही मिळालेले रुग्ण ५९ टक्केच भरतात. प्रशासनाला हे आधी समजावून सांगा, नाहीतर चांगल्या विभागावर ठपका येतो. आणि सुधारणा करायची ती पायऱ्यांच्या टक्केवारीवरून. एकत्र आकडा नक्की काय बिघडले ते सांगत नाही.

वेळा सरासरीने मांडू नका. एका रुग्णाला ११ तास लागले की सरासरी वाकडी होते. मधला आकडा, म्हणजे मीडियन द्या आणि सर्वांत उशिराचे तीन रुग्ण नाव न लिहिता वेगळे वाचा. त्या तिघांत रात्रपाळी, रविवार किंवा वॉर्डातून आयसीयूत हलवणे यांपैकी काही समान आहे का ते शोधा.

महिन्याच्या ३० पैकी १८ पूर्ण झाले तर ६० टक्के, पण इतक्या कमी रुग्णांत खरा आकडा ४२ ते ७८ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. पुढच्या महिन्यात ६७ आले म्हणून पेढे वाटू नका, ५३ आले म्हणून मेमो काढू नका. दर महिन्याचा बिंदू आलेखावर मांडा, मधली रेषा ओढा. सलग सहा बिंदू रेषेच्या एकाच बाजूला आले तर बदल खरा मानायचा.

सोबत दोन उलट आकडे ठेवा. दूषित निघालेली कल्चर ३ टक्क्यांच्या वर गेली तर घाईत त्वचा नीट पुसली जात नाही. सेप्सिस समजून अँटिबायोटिक सुरू केलेल्यांपैकी किती जणांचे निदान बदलून ते ४८ ते ७२ तासांत थांबवले, हा दुसरा. तो शून्यच राहिला तर कल्चरचे रिपोर्ट आल्यावर कोणी फेरविचार करत नाही.

आणि शेवटचा रकाना दुसऱ्या डोसचा, जो बहुतेक तक्त्यांत नसतोच. रात्री ११:२० ला पिपटॅझ सुरू झाले आणि ते दर सहा तासांनी द्यायचे असेल तर पुढचा डोस पहाटे ५:२० ला. दरम्यान रुग्ण वॉर्डात पोहोचतो, तिथल्या चार्टवर ठरलेल्या तासांत सकाळी १० लिहिले जाते, आणि दहा तास ४० मिनिटांचे अंतर पडते. कॅज्युअल्टीतून हलवताना हँडओव्हरच्या कागदावर 'पुढचा डोस किती वाजता' ही एक ओळ छापून घ्या, आणि ती भरली गेली का तेही दर महिन्याच्या त्याच ३० केसपेपरांत मोजा.